कुत्री ‘रेस्क्यू’ आहे हे सांगता का? आणि किती सांगता?

भुरीची आई:
भुरी आमच्याकडे येऊन चौदा महिने झाले. तपकिरी रंग, एक कान उभा, एक पडलेला. फिरायला नेलं की प्रश्न ठरलेला, “कुठलं ब्रीड?” मी सांगायचे, “ब्रीड-बिड काही नाही हो, रेस्क्यू आहे.” पुढचंही मग ठरलेलंच. कुणी “अरेरे, बिचारी!” म्हणत तिच्या डोक्यावर हात फिरवायला वाकतं (तिला नेमकं तेच खपत नाही). कुणी “केवढं पुण्याचं काम केलंत!” म्हणत माझीच आरती ओवाळतं. आणि काही जण आपलं पोर पटकन मागे ओढतात. “अशांचा भरवसा नसतो.” अहो, आत्ता तर ते पोर तिच्याशी बोबडं बोलत होतं!

परवा लिफ्टमध्ये एका बाईंनी ओली छत्री झटकली. भुरी माझ्या पायांमागे लपली. “मारलं असणार हो हिला कुणीतरी,” बाईंचे डोळे भरून आले. मीही “हो ना” म्हणून मोकळी झाले. घरी आल्यावर मात्र खोटं बोलल्यासारखं वाटत राहिलं. ती मिळाली तेव्हा सुळे नुकते बदलत होते, त्यावरून डॉक्टरांनी पाच-सहा महिन्यांची असेल असा अंदाज सांगितला. त्याआधीचं मला काडीचं माहीत नाही, आणि मी एक मारकुटा माणूस उभा करून आले.

हल्ली कुणी विचारलं की नुसतं नाव सांगते. नवरा म्हणतो, “लपवतेस कशाला? लाज वाटते का?” लाज नाही वाटत. पण तुम्ही काय करता?

कान टवकारून:
छत्रीपुरतं सांगतो. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाची जगाशी ओळख होत असते. तेव्हा जे दिसलं-ऐकलं नाही, त्याला ते पुढे बिचकू शकतं. त्यासाठी कुणी मारायलाच हवं असं नाही. आमचा लॅब्रॅडॉर ब्रीडरकडून आणलेला, तरी चाकांची बॅग दिसली की पलंगाखाली. त्याला बघून लोक हसतात, भुरीला बघून रडतात. भीती तीच.

शेपूटवाला:
मी तर सांगतोच. गप्प राहिलात तर लोकांच्या कानावर फक्त चावऱ्या नाहीतर छळलेल्या कुत्र्यांच्याच गोष्टी पडणार. दुपारभर उताणी झोपून घोरणारी रेस्क्यू कुत्री त्यांना कळणार कशी? फक्त शब्द बदला. ‘वाचवली’ म्हटलं की गोष्ट तुमची होते. “दत्तक घेतली” म्हणा आणि पुढे चाला. डॉक्टर, ट्रेनर आणि तुमच्यामागे तिला सांभाळणारं माणूस, यांना मात्र सगळं सांगायचं. कशाला बिचकते, कुठे हात लावलेला चालत नाही, सगळं. तिथे संकोच नको.

दुपारची झोप:
सांगण्यात मिरवणंही असतं. मी मिरवलंय. एका गृहस्थांनी त्यांचं पिल्लू कुठून घेतलं ते सांगितलं, आणि मी लगेच, “आम्ही बाई विकत घेत नाही, रेस्क्यू करतो.” तेव्हापासून ते पलीकडच्या कडेने जातात. आमचे दोन्ही कुत्रे मात्र अजून लांबून एकमेकांकडे बघून शेपट्या हलवतात. माफी मागायला हवी, राहून गेलंय.

भुरीची आई:
@कान टवकारून, त्या बाई पुन्हा भेटल्या तर सांगेन. छत्री आता घरात उघडून ठेवलीय, दाराजवळ. काल भुरी तिला लांबून हुंगून आली.

@शेपूटवाला, आज तुमचं वाक्य वापरलं. एक आजोबा थांबले, मी म्हटलं, “दत्तक घेतली.”
“छान. पण ब्रीड कुठलं?”
“एक कान उभा, एक पडलेला असतो ना, ते.”
आजोबांनी मान डोलावली. “हां हां, बघितलंय.”