नाटकाचा गायक, खंजेरी भजनाचा अल्बम: गावातच रेकॉर्डिंग कसं करायचं?

प्रश्न | वडसाकडचा
राम राम मंडळी. आमचा गायक झाडीपट्टी (पूर्व विदर्भ) नाटकांचा, आवाज मोठा, मंचावर पेटीच्या काळी दोन पट्टीत गातो. होळीनंतर सीझन संपला की आठ भजनांचा अल्बम करायचा आहे. तुकडोजी महाराजांची चार, तुकारामांचे दोन अभंग, दोन आमची स्वतःची. स्वतःची दोन्ही जुन्या सिनेगीतांच्या चालीवर बसवली आहेत. साथीला पेटी, तबला, खंजेरी आणि चार जणांचा कोरस. सामान म्हणजे लॅपटॉप, त्याला माईक जोडायचा दोन इनपुटचा इंटरफेस, एक कंडेन्सर (बारीक आवाजही पकडणारा) माईक आणि दोन साधे. खोली १२ बाय १४ फुटांची, वर टिन. चाचणीत खंजेरीच्या झांजांनी सगळं झाकलं, शब्द ऐकूच येत नाहीत. सुरुवात कुठून करायची?

उत्तर १ | खंजेरीवाला, अमरावती
आधी खंजेरी. झांजा माईकच्या तोंडावर नको. माईक तीन फूट लांब, खंजेरीच्या कडेला नव्हे, कातड्याच्या बाजूने, थोडा तिरपा. कंडेन्सर गायकासाठी ठेवा. खंजेरीला साधाच माईक बरा, तो वरचा खणखणाट जरा कमी पकडतो. तरी जास्त वाटलं तर एकाआड एक झांजांच्या जोड्यांत चिकटपट्टीचा तुकडा घाला. कातड्याची थाप तशीच राहते.

बकऱ्याचं कातडं दमट हवेत सैल पडतं, थाप 'भद' अशी येते. शेगडीपासून हातभर लांब धरून फिरवत शेकायचं. जवळ नेलं की कडेला फाटतं. दोन खंजेऱ्या ठेवा, एक वाजते तोवर दुसरी शेकते.

क्लिक (हेडफोनमधली ठेक्याची टिकटिक) लावू नका राजेहो. खंजेरी भजन ठाय (संथ) लयीत सुरू होतं आणि कडव्यागणिक चढतं. क्लिकवर ते शाळेच्या कवायतीसारखं होते.

उत्तर २ | ध्वनिमुद्रक, यवतमाळ
क्लिक नको हे बरोबर. पण मग पहिला ट्रॅकच लयीचा पाया होतो, म्हणून क्रम महत्त्वाचा. दोनच इनपुट आहेत, तर असं करा:

पहिल्या फेरीत फक्त खंजेरी आणि गायकाचा कच्चा आवाज. दोघांच्याही हेडफोनमध्ये तानपुरा. गायकाला शेजारच्या खोलीत बसवा, दार लोटून, एकमेकांचं तोंड दिसेल एवढी फट ठेवून. कच्चा आवाज नंतर फेकायचा आहे. तो खंजेरीच्या माईकमध्ये शिरला तर पक्क्या आवाजामागे कायमचं भूत बोलत राहतं, काढता येत नाही.

मग पेटी, मग तबला (दोन माईक, दायाँ-बायाँला म्हणजे तबला-डग्ग्याला एकेक), मग पक्का आवाज, शेवटी कोरस.

सुराची गोची पेटीत असते. गावातल्या जुन्या पेट्या बहुधा ४४० हर्ट्झवर नसतात. ट्यूनरवर पेटीचा पांढरी सहा स्वर पाहा. ४४५ दाखवत असेल तर तानपुऱ्याचं ॲपही ४४५ वर न्या आणि तबला पेटीलाच मिळवा. हे पहिल्या फेरीच्या आधी करायचं, नाहीतर गायक एका सुरात आणि पेटी दुसऱ्यात. काळी दोनऐवजी पांढरी दोन घेऊन पाहा. माईकसमोर फेकून गायचं नसतं, अर्धा सूर खाली आलं की शब्द मोकळे होतात. तोंड माईकपासून वीतभर, मध्ये जाळी. 'प', 'भ'ची हवा सरळ आदळू नये म्हणून माईक थोडा बाजूला.

रेकॉर्डिंगची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सगळ्यात चढ्या ओळीला लेव्हल उणे ८ ते उणे १० डीबीच्या वर जाऊ देऊ नका. नाटकाच्या गायकाची तान अचानक उसळते, आणि फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही.

टिन सकाळी तापताना आणि सूर्य बुडाल्यावर निवताना तडतडतं. रात्री नऊनंतर बसा. कूलर-पंखा बंद, लॅपटॉप बॅटरीवर. स्वस्त इन्व्हर्टरची घरघर थेट ट्रॅकमध्ये येते. भिंतींना गाद्या, वाकळा, आणि वर टिनाखाली जाड सतरंजी ताणा.

उत्तर ३ | पांढरकवड्याहून
ज्याच्या घरी विकायचा कापूस भरून असन त्याची खोली मागा बाप्पा. अर्ध्या खोलीत कापूस असला का टाळी वाजवून पाहा, घुमतच नाही. फक्त शेगडी तिथं न्यायची नाही, खंजेरी बाहेरच शेका. अन् रुईची धूळ घशात जाते, कोरसवाल्यांना आधी खोकून घेऊ द्या.

उत्तर ४ | हक्कांबद्दल
रेकॉर्डिंगच्या आधी हे पाहा, नंतर नाही. तुकाराम सतराव्या शतकातले, शब्द मोकळे आहेत. तुकडोजी महाराजांचं निधन ऑक्टोबर १९६८ चं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइटचा हक्क चालतो, म्हणजे ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत. मंडळात म्हणणं वेगळं, अल्बम विकणं वेगळं. हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी मधली कव्हरची (आधी रेकॉर्ड झालेलं गाणं पुन्हा गाण्याची) वाट आहे, पण त्यात दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. गावच्या अल्बमला ते झेपणारं नाही.

खरा घोळ तुमच्या स्वतःच्या दोन भजनांत आहे. शब्द तुमचे, चाल सिनेमाची. यूट्यूब सूर ओळखतं, दावा येतो, पैसे चाल ज्याची त्याच्याकडे जातात. त्या दोन्हींना साधी पारंपरिक चाल बसवा.

वडसाकडचा
चाली बदलतो. कोरसला चौघांना एकच माईक चालेल का? आणि शेवटी आवाज किती ठेवायचा?

ध्वनिमुद्रक, यवतमाळ
चालेल. कंडेन्सरसमोर अर्धगोल, प्रत्येक जण दोन हात लांब, ज्याचा आवाज तीक्ष्ण तो एक पाऊल मागे. दुसऱ्यांदा जागा बदलून गाऊन घ्या, चारचे आठ वाटतात. मुख्य गायकाने कोरसमध्ये उभं राहायचं नाही.

यूट्यूबसाठी उणे १४ लफ्स (LUFS, सरासरी मोठेपणाचं माप), शिखर उणे १ डीबी. त्याहून जोरात दिलं तर ते स्वतःच खाली करतात. पण अल्बम गावात वाजणार भोंग्यावर, आणि भोंग्यातून बायाँ जवळजवळ येतच नाही, खंजेरी मात्र कानात टोचते. म्हणून मोनो (दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र) करून पेनड्राइव्हवर टाका, मंडपवाल्याच्या भोंग्यावर लावून दोनशे पावलं लांब उभे राहा. तिथून ओळीतला शब्द न शब्द कळला नाही तर खंजेरी आणखी २ डीबी खाली.