स्थलांतर शिकवायचं तर सुरुवात घरापासून की आकड्यांपासून?

फळाखडू
नववीला भूगोल शिकवते. लोकसंख्या संक्रमणाचे टप्पे (आधी मृत्युदर घटतो, मग जन्मदर, शेवटी दोन्ही कमी) मुलं घडाघडा म्हणतात, पण "जन्मदर घटला तरी लोकसंख्या वाढतच का राहते?" विचारलं की वर्ग चिडीचूप. स्थलांतराची तीच गत. ढकलणारी कारणं डाव्या रकान्यात, ओढणारी उजव्या, जोड्या लावा, मिळवा गुण. यंदा पुस्तक मिटून ठेवायचं म्हणतेय. प्रत्येकाने घरी विचारून यायचं : मागच्या तीन पिढ्यांत कोण, कुठून कुठे आणि का गेलं? त्यातूनच धडा उभा करायचा. कसं वाटतं?

आडवा छेद
साफ नामंजूर. घरोघरच्या गोष्टी ऐकून मुलांना वाटेल, अख्खं जग बोचकं बांधून निघालंय. २०२० मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारे लोक होते सुमारे २८ कोटी, म्हणजे जगाच्या ३.६ टक्के. उरलेले सगळे आपापल्या देशातच. हे प्रमाण आधी डोक्यात बसू दे. आणि पाठांतराचं खापर सिद्धांतावर कशाला?

फळाखडू
त्या ३.६ टक्क्यांत देशातल्या देशात हलणारे धरलेलेच नाहीत! राव्हेनस्टाइन या भूगोलतज्ज्ञाने १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेचे आकडे चाळून लिहून ठेवलंय की बहुतेक लोक जवळच जातात, आणि कमी अंतराच्या स्थलांतरात बायका पुरुषांपेक्षा जास्त. वर्गातल्या आज्यांची यादी केली तर हेच हाती लागेल की नाही, बघू तरी.

मागचा बाक
मी अशाच एका गृहपाठात अडकलो होतो. आम्ही आधीचं घर का सोडलं, हे आईने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. वही तर भरायला हवी, म्हणून "नोकरीसाठी" असं ठोकून दिलं. बाईंनी बरोबरची खूण केली. कुणी कर्जापायी गाव सोडलेलं असतं, कुणी जिवाच्या भीतीने, कुणी घरातल्या भांडणामुळे. त्यांच्या पोरांना वर्गासमोर उभं करणार?

फळाखडू
लागलं हे. मग सक्ती नको. शेजाऱ्याचं, ओळखीतल्या कुणाचंही चालेल, नाव न लिहिता.

आडवा छेद
तरीही तुमचा मूळ प्रश्न तसाच राहतो. जन्मदर घटूनही लोकसंख्या का वाढते, याचं उत्तर कुठल्या आजीच्या गोष्टीत मिळणार? चीनमध्ये दर बाईमागे मुलांचं प्रमाण २.१ च्या, म्हणजे आईबापांची जागा भरून निघायला लागतं त्याच्या, खाली गेलं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. लोकसंख्या प्रत्यक्ष घटू लागली २०२२ पासून. मधली तीस वर्षं आधीच्या भरगच्च पिढ्या आईबाप होत होत्या! मूल एकेकच असलं तरी आईबापच इतके की जन्म मृत्यूंपेक्षा जास्त. फळ्यावर वयोगटांचा मनोरा काढा (दर वयोगटाला एक आडवी पट्टी, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका), दर पाच वर्षांनी एकेक पट्टी वर सरकवा, तळाला नवी जोडा. पोरांना आपसूक दिसतं. एक तास पुरतो, मी करून पाहिलंय.

शंकेखोर
मनोराच काढायचा तर कतारचा काढा. तिथे पुरुष बायकांच्या दुपटीहून जास्त, आणि मनोऱ्याचं पोट एकाच बाजूला सुटलेलं, कामाच्या वयातल्या पुरुषांच्या बाजूला. जन्ममृत्यूच्या हिशोबात ते बसतच नाही. ती बाहेरून कामाला आलेली माणसं. लोकसंख्याबदल आणि स्थलांतर हे दोन वेगळे धडे करतातच कशाला, माझी तक्रार तिथे आहे. आणि ते टप्पे! युरोपच्या अनुभवावरून काढलेली आकृती, शेवटी जन्मदर-मृत्युदराच्या दोन्ही रेषा शहाण्यासारख्या सपाट. दक्षिण कोरियात २०२३ ला ते २.१ वालं प्रमाण ०.७२ होतं. ही कुठली सपाटी?

आडवा छेद
जन्मदर मृत्युदराच्याही खाली जातो तो पाचवा टप्पा दाखवतात की आता.

शंकेखोर
दाखवतात, ठिगळासारखा.

फळाखडू
ठरलं. पहिल्या तासाला कतारचा मनोरा, देशाचं नाव झाकून. "इथे काय घडलं असेल?" एवढंच विचारणार. पट्ट्या सरकवणं दुसऱ्या तासाला. वह्या त्यानंतर. टप्पे परीक्षेत येणारच, ते काही माझ्या हातात नाही.

मागचा बाक
आणि वहीत कुणी नुसतं "नोकरीसाठी" लिहिलं, तर खोदून विचारू नका.