पैसे सरकारचे, मग डॉक्टर कोणी निवडायचा?

काटकोन (धागाकर्ता)
बिल सरकार भरू लागलं की रुग्णाची निवड आक्रसते, असं माझं मत. कॅनडात 1984च्या आरोग्य कायद्यानुसार, सरकारी विम्यात बसणाऱ्या सेवेसाठी डॉक्टरने रुग्णाकडून वर पैसे घेतले, तर केंद्र त्या प्रांताच्या अनुदानातून तेवढी रक्कम कापतं. तिथल्या क्वेबेक प्रांताने पुढची पायरी गाठली: अशा सेवांसाठी खाजगी विमा विकायलाच बंदी. सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी वर्षभर थांबा, पण स्वतःच्या पैशाने विमा घेऊ नका! 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी 4 विरुद्ध 3 मतांनी रद्द केली.

उंबरठा
निकाल अर्धाच सांगितलात. तो क्वेबेकच्या स्वतःच्या हक्कसनदेवर टिकला. देशाच्या सनदेच्या मुद्द्यावर न्यायमूर्ती 3-3 असे विभागले गेले, म्हणून इतर प्रांतांना तो लागू झाला नाही. ब्रिटिश कोलंबियातलं असंच आव्हान 2022 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने फेटाळलं, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकायलाच नकार दिला.
बंदीमागचं कारणही बघा. सर्जन आणि भूलतज्ज्ञ तेवढेच. त्यांचे तास खाजगी यादीकडे गेले की सरकारी यादी लांबते. शिवाय खुबा आधीच झिजलेल्या माणसाला कुठली कंपनी त्याच खुब्यासाठी विमा देणार? स्वातंत्र्य मिळतं ते निरोगी माणसाला.

काटकोन
मग इंग्लंड घ्या. पहिल्या तपासणीसाठी रुग्णालय निवडायचा हक्क तिथे कायद्याने आहे. शिफारस झाल्यापासून 18 आठवड्यांत 92 टक्के रुग्णांचे उपचार सुरू व्हावेत हे उद्दिष्टही आहे, पण 2016 नंतर ते गाठलेलं नाही. सगळीकडेच रांग असेल तर निवडायचं काय, रांगेचा रंग?

सुईदोरा
दोघेही ‘सरकार’ या एका पोत्यात सगळं भरताय. पैसे कोण देतं आणि दारावर कोण बसतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.
जर्मनीत 1996 पासून बहुतेकांना आपला आजारनिधी, म्हणजे आरोग्य विमा देणारी संस्था, निवडता येतो. पगाराच्या 14.6 टक्के मूळ वर्गणी, त्यातली निम्मी मालकाची. आजारी आहे म्हणून निधी कोणाला नाकारू शकत नाही. निधींशी करार असलेला कुठलाही डॉक्टर चालतो.
फ्रान्सने 2004 मध्ये बंदी न घालता किमतीने वळवलं: आधी आपल्या नोंदलेल्या डॉक्टरकडे गेलात तर ठरलेल्या दराच्या 70 टक्के परत, थेट तज्ज्ञाकडे गेलात तर सहसा 30.
अमेरिकेत तर चित्र उलटं. वृद्धांच्या मूळ सरकारी विमा योजनेत, मेडिकेअरमध्ये, ती स्वीकारणारा देशभरातला कोणताही डॉक्टर चालतो. खाजगी कंपन्या चालवतात त्या मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजमध्ये मात्र सहसा ठरावीक डॉक्टरांची यादी आणि बऱ्याच उपचारांना पूर्वमंजुरी लागते.

काटकोन
अ‍ॅडव्हान्टेज माणूस स्वतः निवडतो, यादीसकट. ती अट त्याच्यावर लादलेली नाही. आणि जर्मनीचं कौतुक करताना एक गाळलंत: तिथल्या अनेक तज्ज्ञांच्या मानधनाला तिमाही मर्यादा असते. मर्यादा ओलांडली की पुढच्या रुग्णामागे पूर्ण दर मिळत नाही. खाजगी विमा असलेल्याला मग लवकर वेळ मिळते, बाकीचे फोन लावत बसतात.

उंबरठा
‘स्वतः निवडतो’ यावर स्वित्झर्लंडचा हिशोब करा. मूळ विमा सक्तीचा, कंपनी तुमच्या पसंतीची, ती नकार देऊ शकत नाही. वर्षाला पहिले किती फ्रँक स्वतः भरायचे हेही प्रौढ माणूसच ठरवतो: 300 ते 2500. याहून मोकळीक कुठे? पण जानेवारीत स्वस्त हप्त्यासाठी 2500 घेतले आणि मार्चमध्ये कर्करोग निघाला, तर 2500 भरायचे, वर उरलेल्या खर्चाचे 10 टक्के, जास्तीत जास्त 700. म्हणजे 3200 फ्रँक, हप्ते वेगळे. आकडा बदलायला पुढचा जानेवारी उजाडावा लागतो.

काटकोन
3200 वर हिशोब थांबतो, आणि डॉक्टरही लगेच भेटतो. सांध्यासाठी वर्षभर थांबलेल्या क्वेबेकच्या रुग्णाला ही रक्कम भरून सुटायची मुभा तरी होती का?