शोपाँची चौथी बॅलाड: मधल्या भागात आणि कोडामध्ये नेमके काय ऐकावे?

मंद्रसप्तक

पोलिश संगीतकार फ्रेदेरिक शोपाँची एफ मायनर या स्वरपट्टीतील चौथी बॅलाड (पियानोसाठीची दीर्घ, कथनात्मक धाटणीची रचना; ओपस, म्हणजे रचनाक्रमांक, ५२) मी गेली काही वर्षे सातत्याने ऐकत आलो आहे. सुरुवातीचे सात बार (तालाची आवर्तने) कानावर पडले की हातातले काम आपोआप थांबते, आणि त्यानंतर येणारी ती उदास, रेंगाळणारी धून तर दिवसभर मनात घोळत राहते. मात्र मधल्या भागात माझी वाट चुकते आणि शेवटचा कोडा, म्हणजे समारोपाचा भाग, आला की मला नुसता कल्लोळ ऐकू येतो. जाणकार मंडळी या दहा-बारा मिनिटांच्या रचनेला शोपाँच्या सर्वांत अवघड रचनांमध्ये गणतात. हा अवघडपणा नेमका कोठे आहे, आणि स्वतः पियानो न वाजवणाऱ्या श्रोत्याने तो कसा ओळखावा, हे कोणी समजावून सांगेल काय?

काळीपट्टी

मी पियानो शिकवते आणि ही बॅलाड अनेक वर्षे हाताखाली घेऊन बसले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. कोडा सोडला तर बोटे वेगाने पळवणे ही येथील मुख्य अडचण नाही. आपल्याला आवडलेली धून पहिल्यांदा येते तेव्हा उजव्या हातात ती एकटी असते आणि डावा हात वॉल्ट्झसारखी साथ करतो. काही वेळाने तीच धून परतते तेव्हा तिच्या पोटात दुसरी, बारीक सुरांची एक ओळ सुरू झालेली असते. धून वरच्या बोटांकडे, म्हणजे बहुधा करंगळी आणि अनामिकेकडे असते, आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी ती मधली ओळ विणायची असते. करंगळी हे हाताचे सर्वांत दुबळे बोट, आणि गाणे नेमके तिच्याच वाट्याला येते! माझ्या विद्यार्थ्यांना मी ती मधली ओळ आधी डाव्या हाताने, एकटी, पुष्कळ दिवस वाजवायला लावते. कानाला ती पूर्ण पाठ झाली की मगच दोन्ही ओळी उजव्या हाताकडे सोपवायच्या.

पुढे सुरुवातीचा तो शांत भाग ए मेजरमध्ये पुन्हा डोकावतो, आणि त्यानंतर मुख्य धून एका आवाजात (सुरांच्या एका स्वतंत्र ओळीत) संपण्याआधीच दुसऱ्या आवाजात सुरू होते. आपली वाट चुकते ती बहुधा येथेच. एकच धून अशी अनेक आवाजांत विणणारा जर्मन संगीतकार बाख याचा शोपाँ निस्सीम भक्त होता. १८३८ साली मायोर्का बेटावर जातानाही त्याने बाखचे प्रेल्यूड आणि फ्यूग (एकच धून अनेक आवाजांत एकामागोमाग येणाऱ्या रचना) सोबत नेले होते. १८४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ही बॅलाड लिहिताना ती भक्ती फळाला आली, असे मला मनापासून वाटते.

विलंबित

काळीपट्टी यांनी वाजवणाऱ्याची बाजू सांगितली. मी केवळ श्रोता आहे आणि माझे कान ख्यालगायकीवर पोसले गेले आहेत. मला ही रचना उमगली ती मुखड्याच्या वाटेने. मुखडा दर वेळी परत येतो आणि दर वेळी मधल्या आलापाने त्याला निराळे वजन आलेले असते, तसेच काहीसे या धुनेचे होते. अर्थात ही तुलना फार ताणू नये, कारण येथे आधारस्वरच सरकत राहतो: दुसरी, डुलणारी धून प्रथम बी फ्लॅट मेजरमध्ये येते आणि नंतर डी फ्लॅट मेजरमध्ये, डाव्या हाताच्या लाटांवर, पूर्ण भरून येते. लयीबाबत मात्र साम्य खरोखरच जवळचे आहे. डाव्या हाताने ठेका सांभाळावा आणि उजव्याने मोकळेपणाने गावे, अशी शोपाँची शिकवण होती, हे त्याच्या शिष्यांच्या आठवणींवरून कळते.

कोडाविषयी सांगायचे तर, त्याच्या आधीचे पाच शांत कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सुरांचे गुच्छ) नीट ऐकावेत. मुंबईत एका मैफलीत मी ही बॅलाड प्रथम प्रत्यक्ष ऐकली. त्या पाच कॉर्ड्सच्या आधीचे प्रचंड कॉर्ड्स कोसळले, क्षणभर शांतता पसरली आणि मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या. वादकाचे हात अजून पट्ट्यांपासून वीतभरही दूर गेले नव्हते. टाळ्या विरेपर्यंत तो तसाच थांबला, आणि मग ते पाच कॉर्ड्स त्याने इतके हळू वाजवले की माझ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी श्वास रोखून धरलेला मला जाणवला. त्यानंतर उसळलेला कोडा मला त्या दिवशी प्रथमच कल्लोळ वाटला नाही.

ओलीवाळू

ध्वनिमुद्रणांबद्दल थोडेसे. क्रिस्तियान झिमरमन यांचे १९८७ चे मुद्रण घ्यावे, कारण त्यात प्रत्येक ओळ सुटी ऐकू येते. आल्फ्रेड कोर्तो यांच्या १९३३ च्या मुद्रणात चुकलेले सूर आहेत, तरीही धून पहिल्यांदा येते तेव्हाचा त्यांचा संकोच मला इतर कोणाकडेच आढळला नाही. कोडा ऐकताना उजव्या हाताच्या जोडसुरांमागे धावू नये, डाव्या हाताचा खर्ज धरून चालावे. पोलिश कवी मित्स्किएविच याच्या कवितेची जी गोष्ट या बॅलाडला चिकटवली जाते, ती बाजूला ठेवावी, असा माझा आग्रह आहे. या संगीताला ती पुरत नाही.

मंद्रसप्तक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री दिवे मालवून झिमरमन यांचे मुद्रण तीनदा ऐकले. धुनेच्या पोटातली ती मधली ओळ तिसऱ्या वेळी स्पष्ट ऐकू आली, आणि आता तिच्याशिवाय धून ऐकणे मला शक्य होईलसे वाटत नाही. कोडामध्ये अजूनही खर्ज हातातून निसटतो. काळीपट्टी, ए मेजरनंतर धून एका आवाजातून दुसऱ्यात जाते तेथे सगळे आवाज मला वेगळे करता येत नाहीत. आधी वरचा धरावा की खालचा, तेवढे सांगाल काय?