मदत हवी आहे : डिटेक्टिव्ह बहीण, फरार भाऊ आणि कायदा

रहस्यकादंबरी लिहितेय. मुंबई, 2025. नायिका खासगी डिटेक्टिव्ह, माहेर मटक्याच्या धंद्यातलं. एका खुनाचा छडा लावायला मृताची बायको तिला नेमते आणि धागा निघतो तिच्या सख्ख्या भावापर्यंत. तो फरार आहे. कुठे लपलाय ते हिला कळतं. ती त्याला ना आसरा देते, ना पैसे. फक्त गप्प बसते.

एवढं वाचून झालंय: खासगी डिटेक्टिव्हसाठी आपल्याकडे परवान्याचा केंद्रीय कायदाच नाही, 2007 चं विधेयक राज्यसभेत आलं पण कायदा झाला नाही. (म्हणजे 'लायसन्स रद्द' हा हुकमी प्रसंग बाद!) आरोपीला आसरा देण्याच्या कलमातून, भारतीय न्याय संहिता 249, सूट फक्त नवराबायकोला, बहिणीला नाही. खुनाची खबर देण्याचं बंधन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 33 मध्ये आहे.

कलमं नकोत, ती सापडतात. फौजदारी वकील किंवा पोलीस खात्यातलं कुणी असेल तर प्रत्यक्षातलं सांगा: नुसत्या गप्प बसण्यावरून तिला आरोपी करतील, की साक्षीदार म्हणून भावासमोर उभी करतील? मला दुसरं हवंय. ते पटेल का?