शाळा अचानक बंद ठेवावी लागली, तर ऑनलाइन वर्ग कोणाच्या सर्व्हरवर असावेत?

संगणक शिक्षक, पुणे

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली, तेव्हा आमच्या शाळेने दोन दिवसांत गूगल क्लासरूम स्वीकारले, कारण ते विनामूल्य होते आणि विचार करायला कोणालाच उसंत नव्हती. आता ती आहे, म्हणून हा विषय मांडतो. शाळेने भाड्याचा सर्व्हर घेऊन त्यावर स्वतःचे मूडल, म्हणजे धडे, गृहपाठ आणि चाचण्या ऑनलाइन ठेवण्याची संगणक प्रणाली, चालवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. २००२ पासून उपलब्ध असलेली ही प्रणाली मुक्त परवान्याची आहे, म्हणजे ती कोणीही विनामूल्य वापरू आणि बदलू शकतो. सर्व्हर पुरवणारा बदलला तरी मुलांच्या वह्या, गुण आणि चाचण्या बॅकअप घेऊन दुसरीकडे हलवता येतात. उलट फुकटच्या सेवेचे नियम दुसरेच ठरवतात. गूगलने शिक्षणसंस्थांची अमर्याद साठवण बंद करण्याचे २०२१ मध्ये जाहीर केले आणि मूळ मर्यादा संस्थेमागे १०० टेराबाइट ठेवली. एका शाळेला एवढी जागा पुरून उरेल, हे मान्य. पण तो निर्णय घेताना आपल्याला कोणी विचारले नव्हते. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. त्यांची माहिती कुठे ठेवली आहे, हे पालकांना सांगण्याची जबाबदारी शाळेने टाळू नये.

सर्व्हर सांभाळणारा पालक, ठाणे

सर, आपला हेतू चांगला आहे, परंतु मी असहमत आहे. एप्रिल २०२० मध्ये माझ्या मुलीच्या शाळेने नेमके हेच केले होते. स्वस्तातले शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटून दिलेल्या सर्व्हरवरची जागा, घेऊन त्यावर मूडल बसवले. सकाळी नऊ वाजता सहावी ते दहावीच्या मुलांनी एकदम लॉगिन केले आणि पडद्यावर ‘५०३’, म्हणजे सेवा सध्या उपलब्ध नाही, ही त्रुटी आली. मुलगी गणवेश घालून फोनसमोर बसली होती. पाऊण तास ती तेच पान पुन्हा पुन्हा उघडत राहिली. ज्या शिक्षकांनी हे सारे उभारले होते, ते जूनमध्ये नोकरी सोडून गेले आणि पासवर्डही त्यांच्याबरोबर गेले. थेट वर्गांसाठी बिगब्लूबटन ही व्हिडिओ वर्गांची प्रणाली बसवायची म्हटले, तर त्याचे निर्मातेच १६ जीबी मेमरी आणि आठ कोअरचे यंत्र सुचवतात. म्हणजे मूडलच्या भाड्यावर हे दुसरे भाडे आले. ज्या शाळेला खडूचे बिल भागवताना ओढाताण होते, तिने रात्री दोन वाजता बंद पडलेला सर्व्हर कोणाकडून सुरू करून घ्यायचा? मोठ्या कंपनीकडे त्यासाठी माणसे आहेत, आपल्याकडे नाहीत.

शिक्षिका, चिपळूण

आपण दोघेही इंटरनेट आहे असे गृहीत धरून बोलत आहात. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा आमच्या तळमजल्यावरचा संगणक कक्ष बुडाला. पाणी ओसरल्यावर आम्ही कीबोर्ड उलटे करून झटकले, तर त्यांतून गाळ निघाला. शाळेतच सर्व्हर ठेवायचा सल्ला कोणी देत असेल, तर त्याने हे आधी ध्यानात घ्यावे. त्यापूर्वी ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मुरूडकडच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी सर्व्हर मुंबईत आहे की अमेरिकेत, याने आमच्या मुलांना काही फरक पडत नाही. एका घरात एक फोन असतो, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला. म्हणून जे आधी उतरवून ठेवता येते, तेच आमच्या उपयोगाचे. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे पाठ एकदा उतरवले की इंटरनेटशिवाय चालतात, मूडलच्या ॲपमध्येही बराच मजकूर तसा ठेवता येतो. व्हिडिओवर भर देणारी कोणतीही निवड गरीब मुलाला वर्गाबाहेर बसवते, असे मला वाटते.

संगणक शिक्षक, पुणे

मॅडम, हा मुद्दा मी पुरेसा लक्षात घेतला नव्हता. थेट व्हिडिओ आपल्या सर्व्हरवर नकोच. मूडलवर केवळ टिपणे, लहान ध्वनिफिती आणि चाचण्या ठेवाव्यात. ठाण्याच्या सरांनी सांगितलेला नऊ वाजताचा प्रसंग शेअर्ड होस्टिंगमुळे ओढवला. स्वतंत्र आभासी सर्व्हर, म्हणजे मोठ्या यंत्रातला फक्त आपल्यासाठी राखलेला हिस्सा, घेतला, इयत्तावार वेळा विभागल्या आणि जूनपूर्वी एकदा सर्व मुलांना एकाच वेळी लॉगिन करायला लावून तपासणी केली, तर तो बहुतांशी टळतो. पासवर्ड मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात असावेत आणि बॅकअप रोज दुसऱ्या शहरातल्या जागेवर जावा. मूळ मत मात्र मी सोडत नाही.

सर्व्हर सांभाळणारा पालक, ठाणे

व्हिडिओ वगळल्याने खर्चाचा माझा आक्षेप बराच कमी होतो, माणसाचा मात्र कायम राहतो. पाच-सहा शाळांनी मिळून एक सर्व्हर आणि तो सांभाळणारा एक पगारी माणूस ठेवला, तर मी मूडलच्या बाजूने मत देईन. एकट्या शाळेने हा भार उचलण्याला माझा विरोधच आहे, आणि तसा माणूस मिळेपर्यंत गूगल क्लासरूम बंद करू नये.