वेस्टर्न चित्रपटांतील बंदुका त्या काळाशी कितपत जुळतात?

माळरान:
‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ हा १९६६ चा चित्रपट पुन्हा पाहिला. कथा १८६२ मधील, म्हणजे अमेरिकेतील यादवी युद्ध चालू असतानाची आहे. टूको दुकानातील बरीच रिव्हॉल्वर खोलतो, कानाशी सिलिंडर फिरवून पाहतो, मनाजोगते एक जुळवतो आणि त्यात काडतुसे भरतो. त्या काळी कोल्ट कंपनीच्या रिव्हॉल्वरमध्ये अशी तयार धातूची काडतुसे भरता येत होती का?

शिसपेन्सिल:
नाही. १८५१ चे ‘नेव्ही’ कोल्ट ठासणीचे होते. सिलिंडरच्या प्रत्येक घरात पुढून बंदुकीची दारू ओतायची, नळीखालच्या दांड्याने शिशाची गोळी ठासायची आणि मागे ठिणगी पाडणारी छोटी स्फोटक टोपी बसवायची. कोकणात शेतराखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. मागून काडतूस भरण्यासाठी सिलिंडरला आरपार छिद्रे लागतात, आणि त्या रचनेचे रोलिन व्हाइटचे पेटंट स्मिथ अँड वेसन या प्रतिस्पर्धी कंपनीकडे असल्याने १८६९ पर्यंत कोल्टचे हात बांधलेले होते. काडतुसांसाठी बदललेली कोल्ट रिव्हॉल्वर १८७० च्या दशकात आली.

जुना प्रेक्षक:
काडतुसे मुळीच नव्हती, असे मात्र नव्हे. स्मिथ अँड वेसनचे लहानसे रिव्हॉल्वर १८५७ पासून मिळत होते आणि हेन्री रायफलही काडतुसांचीच होती. मला अधिक खटकते ती १८७० च्या दशकातील कथांत सर्रास दिसणारी १८९२ ची विंचेस्टर रायफल. हे निव्वळ अज्ञान नव्हे. हॉलीवूडकडे ‘फाइव्ह-इन-वन’ नावाचे पोकळ, म्हणजे गोळी नसलेले, फक्त आवाज करणारे काडतूस होते, ते ०.४५ कोल्ट, ०.४४-४० व ०.३८-४० या मापांच्या रिव्हॉल्वरांत आणि शेवटच्या दोन मापांच्या रायफलींत चालत असे. एकाच पेटीतून सगळ्यांची सोय होत असताना पंचांग पाहून बंदूक कोण निवडणार?

माळरान:
म्हणजे सोयीपुढे सनावळी हरली! आणि पडद्यावर न दिसणाऱ्या धुराचे काय?

शिसपेन्सिल:
मोठी चूक तीच आहे. धूरविरहित दारू फ्रान्समध्ये १८८४ मध्ये तयार झाली; त्याआधीची काळी दारू दाट पांढरा धूर सोडत असे. बंद सलूनमध्ये, म्हणजे तिथल्या मद्यालयात, चौघांनी तीन-तीन गोळ्या झाडल्या, तर समोरचा माणूस धड दिसणारही नाही, मग नेम कुठला? दिग्दर्शकाला मात्र नायकाचा चेहरा दाखवायचा असतो.